युरेनियम म्हणजे किरणोत्सारी लँथनाइड नव्हे

नेट-सेटच्या तयारीत एक नोट हमखास हाती पडते: "लँथनाइड आणि अ‍ॅक्टिनाइडांचं ऑर्गॅनोमेटॅलिक रसायन सारखंच. दोघंही +३, बंध आयनिक. फरक एवढाच की अ‍ॅक्टिनाइड किरणोत्सारी." (लँथनाइड आणि अ‍ॅक्टिनाइड म्हणजे आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या काढलेल्या दोन ओळी: वरच्या लँथनाइडांत सिरियम, खालच्या अ‍ॅक्टिनाइडांत थोरियम-युरेनियम. ऑर्गॅनोमेटॅलिक म्हणजे धातू कार्बनी गटांना जोडलेली संयुगं. +३ म्हणजे धातूने तीन इलेक्ट्रॉन दिलेले; आयनिक म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून न घेता केवळ विरुद्ध भारांच्या आकर्षणाने जुळलेला बंध.) ही नोट पाठ करायला सोपी असली, तरी ती मुलांना चुकीचं शिकवते.

किरणोत्साराचं आधी संपवू. तो केंद्रकाचा गुणधर्म. बंध ठरवतात इलेक्ट्रॉन. शिवाय प्रोमेथियम हा लँथनाइडही किरणोत्सारीच आहे.

'+३' हे लँथनाइडांपुरतं बरंचसं खरं. पण थोरियम जवळजवळ नेहमी +४ असतं आणि युरेनियमची +३ ते +६ पर्यंतची संयुगं भरपूर आहेत. अमेरिशियम-क्युरियमपासून पुढे मात्र बहुतांशी +३ चंच राज्य. तिथे नोटेला मान द्यावा लागतो.

खरा घोळ बंधांच्या विधानात आहे. सिरियम आणि युरेनियम यांच्या +३ आयनांचा आकार जवळपास सारखा, युरेनियमचा किंचित मोठाच. दोघांचीही तीन मिथिलसायक्लोपेंटाडायनिल कड्यांची (पाच कार्बनांची कडी) संयुगं घ्या आणि प्रत्येकाला ट्रायमिथिलफॉस्फिन, म्हणजे फॉस्फरसमार्फत धातूला जुळणारा रेणू, जोडा. बंध निव्वळ आयनिक असते तर युरेनियम-फॉस्फरस अंतर थोडं जास्त भरायला हवं होतं. प्रत्यक्षात ते सिरियम-फॉस्फरसपेक्षा सुमारे ०.१ अँगस्ट्रॉमने कमी भरतं! युरेनियम आपले इलेक्ट्रॉन फॉस्फरसकडे काही प्रमाणात परत ढकलतं, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. युरेनियमचे ५एफ ऑर्बिटल (अणूत इलेक्ट्रॉन राहतात त्या जागा) सिरियमच्या ४एफपेक्षा बाहेरवर पसरलेले असतात, म्हणून त्याला हे जमतं.

युरेनियमचे बंध निव्वळ आयनिक नाहीत, हेच युरेनोसीन नावाचं संयुगही सांगतं. १९६८ मध्ये बर्कलीत स्ट्राइटवीझर आणि म्युलर-वेस्टरहॉफ या रसायनशास्त्रज्ञांनी ते बनवलं: आठ कार्बनांची दोन सपाट कडी, मधोमध युरेनियम. हे हिरवे स्फटिक हवेत पेट घेतात, पण पाण्यात सहजासहजी मोडत नाहीत. तशाच दोन कड्यांचे लँथनाइड क्षार पाण्याने लगेच विघटित होतात. इतकंच नव्हे, त्यांच्यात युरेनियम टेट्राक्लोराइड घातलं की लँथनाइडकडची कडी युरेनियमकडे जातात आणि युरेनोसीन तयार होतं.

आणि 'बंध आयनिक' हे लँथनाइडांनाही सरसकट लागू नाही. सिरोसीनमधलं (युरेनोसीनसारखंच, पण मधोमध सिरियम असलेलं संयुग) सिरियम कागदावर +४; पण क्ष-किरण शोषणाच्या मोजमापांत ते +३ च्या बरंच जवळ दिसतं, कारण त्याच्या ४एफ ऑर्बिटलमध्ये कड्यांचे इलेक्ट्रॉन मिसळलेले असतात.