साठीनंतर मेंदू ३०० टक्के? हा मेसेज पुढे ढकलू नका

‘साठ ते ऐंशी हे मेंदूचं सर्वोत्तम वय’ हा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. आधी इंग्रजीत होता, मग हिंदीत आला, आता मराठीत गुलाबाच्या फुलांसकट येतो. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या संचालकांचं म्हणे असं मत आहे, की साठीनंतर मेंदूचे डावा-उजवा दोन्ही भाग एकत्र काम करू लागतात, मायलिन नावाचं द्रव्य वाढतं आणि त्यामुळे बौद्धिक क्षमता सरासरीपेक्षा ३०० टक्क्यांनी वाढते. म्हणूनच साठीनंतर माणसं कलेकडे वळतात. विसरायला होतं ते माहिती जास्त झाल्यामुळे, त्याची काळजी करू नये. पुढे नोबेल विजेत्यांचं सरासरी वय ६२, पोपचं ७६ वगैरे आकडे. तळाशी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चा हवाला आणि ‘आपल्या सर्व ज्येष्ठ मित्रांना पाठवा’.

मला हा मेसेज आजवर कितीतरी जणांनी पाठवला. ज्येष्ठांना बरं वाटतंय तर वाटू दे, म्हणून मी काही बोलले नाही. या वेळी तो मावशीकडून आला आणि खाली तिनेच लिहिलं होतं, “सगळ्यांचा मेंदू चौपट झालाय, माझाच कसा अडला गं?” ते वाचल्यावर मात्र गप्प बसवेना.

मावशी सत्तरीला टेकली आहे. आजोळच्या लाकडी पेटीत जुनी खरेदीखतं आणि पत्रं आहेत, सगळी मोडी लिपीत. ती स्वतः वाचायची म्हणून ती मोडीच्या वर्गाला जायला लागली. मोडी शिकलेल्यांना ठाऊक असेल, सोपं काम नाही ते. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत, हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. जुन्या कागदात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्यामुळे कुठला शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानेच ओळखायचं. वर्गात शेजारी बसणारी कॉलेजची मुलगी मुळाक्षरं भराभर ओळखायला लागली, मावशी मात्र तीच तीच अक्षरं वहीत घोटत राहिली. त्यात हा मेसेज आला. आपलं डोकं चारपट चालायला हवं होतं आणि ते चालत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघाड आहे, असं तिने ठरवलं आणि वर्गाला जाणं सोडलं.

‘वाचून चार घटका बरं वाटतं, नुकसान काय आहे’ असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. नुकसान हे आहे.

आता त्या ३०० टक्क्यांकडे येऊ. मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टण, त्याच्यामुळे संदेश वेगाने जातात. मेंदूतलं ते वेष्टण तरुणपणातही वाढत राहतं, साधारण चाळिशी-पन्नाशीच्या आसपास भरात असतं आणि साठीनंतर हळूहळू कमी व्हायला लागतं. मेसेजात नेमकं उलटं लिहिलंय. आणि ‘बौद्धिक क्षमता ३०० टक्क्यांनी वाढली’ हे मोजायचं कशाने? बुद्धीचं असं कुठलंही माप नाही ज्यात एखादा माणूस वयामुळे सरासरीच्या चौपट निघेल. हा आकडा कुठल्याही अभ्यासातून आलेला नाही. कुणीतरी तो लिहिला आणि बाकीच्यांनी पुढे ढकलला.

खरं काय आहे ते ऐकायला कमी गोड आहे, पण कामाचं आहे. नवी चिन्हं झटकन ओळखणं, ऐकलेलं नाव लगेच आठवणं, दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं, हे सगळं वयाबरोबर मंदावतं. मावशी अक्षरांवर अडली ती यामुळे. तिच्या वयाच्या बहुतेकांचं तसंच होतं. पण शब्दसंग्रह आणि साठवलेलं ज्ञान खूप उशिरापर्यंत वाढत राहतं. हार्टशोर्न आणि जर्माइन या दोन संशोधकांनी हजारो लोकांच्या चाचण्या तपासून २०१५ साली दाखवलं, की वेगवेगळ्या क्षमता वेगवेगळ्या वयात शिखरावर असतात आणि शब्दसंग्रहाचं शिखर साठीच्या पुढे येतं. मावशीच्या वर्गातही हे दिसत होतं, फक्त तिला ते कुणी दाखवलं नाही. एका खरेदीखताच्या सरावात ‘चतुःसीमा’, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी, हा शब्द आला. त्या मुलीने अक्षरं सगळी बरोबर लावली, पण शब्दच माहीत नसल्यामुळे पुढे सरकेना. मावशीला त्यातली अर्धीच अक्षरं लागली होती. पण जमिनीच्या कागदात पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असं येतं हे तिला लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे शब्द तिनेच ओळखला. हे तिने मला सांगितलं तेही असं, की ‘अंदाजाने लागला गं, वाचता कुठे आला?’ जुना कागद वाचणारे तज्ज्ञही असाच वाचतात हे तिला वर्गात कुणीतरी सांगायला हवं होतं.

उतारवयात नवीन काही शिकल्याने मेंदूला खरंच फायदा होतो का? होतो, आणि त्याचा चांगला पुरावा आहे. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिनॅप्स प्रोजेक्ट’ नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ६० ते ९० वयाची २२१ माणसं घेतली आणि त्यांचे गट पाडले. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, संगणकावर फोटो सुधारण्यासकट. काहींना क्विल्टिंग, म्हणजे आपल्या गोधडीच्या जातीची पांघरुणं शिवायला, तीही संगणकावर चालणाऱ्या मशीनवर. काहींना दोन्ही. आणखी एका गटाला फक्त एकत्र जमायला सांगितलं: गप्पा, सहली, खेळ, सिनेमे, पण नवीन शिकणं काही नाही. एक गट घरी बसून संगीत ऐकत होता, शब्दकोडी सोडवत होता. तीन महिन्यांनी ज्यांनी नवं आणि अवघड काही शिकलं होतं त्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. नुसत्या गप्पांच्या आणि कोड्यांच्या गटांत तसं झालं नाही.

या प्रयोगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिकणाऱ्या गटांनी आठवड्याला साधारण पंधरा तास दिले होते. तीन महिने. म्हणजे पावणेदोनशे तासांच्या आसपास, आणि शिक्षक सोबत. मावशीचा वर्ग आठवड्यातून एकदा, दीड-दोन तासांचा. त्यात तिला अक्षरं पक्की बसली नाहीत यात आश्चर्य ते काय? तास वाढवायला हवे होते. मेसेज तिला सांगत होता की वय झालं म्हणजे क्षमता आपोआप येते. प्रयोगाने दाखवलं की ज्यांनी अवघड गोष्टीत तास घातले त्यांना फायदा झाला. आणि तो फायदाही बेताचाच होता, चौपट वगैरे कुणाचं काही झालं नाही.

दुसरा मुद्दा विसरण्याचा, आणि इथे मला राग आवरत नाही. ‘विसरभोळेपणा माहितीच्या अतिरेकामुळे येतो, काळजी करू नका’ हे वाक्य धोकादायक आहे. आमच्या नात्यातले एक काका तोच प्रश्न दहा-दहा मिनिटांनी विचारायला लागले, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळायला लागले, तेव्हा घरात हाच मेसेज वाचून दाखवला गेला आणि कितीतरी महिने तसेच गेले. अखेर रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर बराच फरक पडला, पण तो आधीच पडू शकला असता. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी सर्रास आहे, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, या सगळ्यांनी माणूस विसराळू दिसतो, आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. खरोखरचा स्मृतिभ्रंश असेल तरी तो लवकर कळलेला बरा. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, पैशांचा हिशोब जमेना, गॅस सुरू राहायला लागला, तर डॉक्टरांकडे जायचं.

मेंदूचे दोन भाग. ते लहान मुलाचेही एकत्रच काम करतात, दोघांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा जन्मापासून असतो. अर्धं सत्य एवढंच, की काही कामं करताना तरुणांचा मेंदू एका बाजूला जास्त सक्रिय दिसतो आणि वयस्करांचा दोन्हींकडे. पण संशोधकांनी त्याचा अर्थ बहुतेकदा ‘कमी पडणारं भरून काढण्याची धडपड’ असा लावला आहे. त्या धडपडीचं मला कौतुक आहे. तिला महाशक्ती म्हणायची गरज नाही.

मेसेजात ‘मोंची उरी’ नावाचे एक प्राध्यापक येतात. नाव उलटं लिहिलंय. ऊरी मोंची हे मेंदूविज्ञानातले खरे संशोधक आहेत आणि मॉन्ट्रियलला असताना त्यांच्या चमूने वय आणि मेंदू या विषयावर खरंच काम केलं, हे मान्य करते. त्यात १८ ते ३५ वयाचे चोवीस आणि ५५ ते ७५ वयाचे दहा जण होते. चाचणीत ‘चुकलात’ असं कळल्याबरोबर तरुणांचा मेंदू कामाला लागे, वयस्करांचा मात्र पुढचा प्रयत्न करायची वेळ आल्यावर. म्हणजे शक्ती जपून वापरणं. निरीक्षण सुंदर आहे. पण दहा माणसांवरून सगळ्या जगाच्या साठीला प्रमाणपत्र देता येत नाही, आणि मोंचींनी ते दिलेलंही नाही.

न्यू इंग्लंड जर्नलचा हवाला ‘७०, ३८९ (२०१८)’ असा छापलेला असतो. २०१८ साली त्या नियतकालिकाचे ३७८ आणि ३७९ हे खंड निघाले. सत्तरावा खंड शोधायचा तर दीडशे वर्षांहून मागे जावं लागेल. असा अभ्यास तिथे आलेलाच नाही.

पोपचं वय घ्यायचं तर त्याच कॅथलिक चर्चचा नियम आहे की ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलला, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूला, पोपच्या निवडीत मत देता येत नाही. तो मुद्दा तिथेच संपतो.

नोबेलचं मात्र सांगायला हवं. पारितोषिक म्हातारपणी मिळतं, काम बहुधा तरुणपणी झालेलं असतं. ताऱ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांना नोबेल जाहीर झालं १९८३ मध्ये, त्र्याहत्तराव्या वाढदिवशी. ज्या गणिताने ते ओळखले जातात ते त्यांनी १९३० साली मुंबईहून इंग्लंडला जाताना बोटीवर मांडलं, एकोणिसाव्या वर्षी. मेसेजची सरासरी हे झाकून टाकते. आणि चंद्रशेखरांच्या आयुष्यात उतारवयाबद्दल जे खरंच घेण्यासारखं आहे तेही. एक विषय पुरता अभ्यासून, त्यावर ग्रंथ लिहून ते नव्या विषयाकडे वळत, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यांनी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ घेतला, त्यातली प्रमेयं आधी स्वतः सोडवून पाहिली, मग न्यूटनची उत्तरं वाचली. ते पुस्तक १९९५ मध्ये आलं, त्यांच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

रवींद्रनाथ साठीत चित्रांकडे वळले ते हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळींना आकार देता देता. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते आणि मागे दोन हजारांहून जास्त चित्रं ठेवून गेले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. सतत काढत राहिले. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची आजीबाईंची शाळा घ्या. ८ मार्च २०१६ ला सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारीत, पाटी-दप्तर घेऊन येतात आणि अक्षरं गिरवतात. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या बायका सही करायला शिकल्या. तिथे कुणाला ‘तुमचा मेंदू चौपट झालाय’ असं सांगावं लागलं नाही. शाळा गावातच ठेवली, वेळ दुपारची, घरातली आणि शेतातली कामं उरकल्यावरची. तिथे बरोबरीला बसलेल्या सगळ्या जणी आज्याच होत्या.

ज्येष्ठांसाठी काही करायची ज्यांना इच्छा आहे त्यांनी ही शाळा बघावी. मोडीचा, चित्रांचा, पेटीचा, कुठलाही वर्ग घेत असाल तर ज्येष्ठांसाठी उजळणीचे तास जास्त ठेवा. फळ्यावरची अक्षरं मोठी काढा. ऐकू कमी येणाऱ्यांना पुढे बसवा. पहिले दोन महिने हळू जाईल आणि ते सगळ्यांचंच जातं, हे पहिल्याच दिवशी सांगा. मावशीच्या सरांना फोन करून मी हेच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या तुकडीपासून साठीवरच्यांसाठी बुधवारी दुपारी जादा सराव ठेवायचं कबूल केलंय. मावशीला मी सिनॅप्सच्या प्रयोगाबद्दल सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “बुधवारी खरेदीखत आणलं तर चालेल का त्यांना?”