बंदी मेलबर्नची, मोबाईल आजोबांचा

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. तेव्हापासून बीड-परभणीकडचे नातलग आणि शिक्षक मित्र मला एकच प्रश्न विचारतात, की हे आपल्याकडे कधी होणार? त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानेही केंद्राने अशा कायद्याचा विचार करावा, असे सुचवल्याने या मागणीला वजन आले आहे. मेलबर्नमध्ये राहून हा कायदा पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मराठवाड्याने इथून घ्यावे असे काही नक्की आहे, पण ती ही बंदी नव्हे.

कायद्यात चांगले आहे ते हे की, सगळी जबाबदारी कंपन्यांवर आहे. मुलाला किंवा पालकांना शिक्षा नाही. कंपनीला मात्र ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या महिनाभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचे सरकारने सांगितले. तरीही वय तपासताना आईबापांचा चेहरा दाखवून पळवाट काढणारी मुले इथेही आहेतच.

या सगळ्यामागे एक गृहीतक आहे: प्रत्येक मुलाचा स्वतंत्र मोबाईल, स्वतंत्र खाते आणि शेजारच्या खोलीत असलेले पालक. आपल्याकडे दसरा झाला की ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजूर जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गाळप संपेपर्यंत मुले आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. घरातला एकुलता मोबाईल आजोबांच्या नावावरचा असतो. करोनाकाळात शाळाच त्यावर भरली, आजही गुरुजींचा गृहपाठ त्याच्याच व्हॉट्सॲपवर येतो, आणि रात्री फडावरून आईचा चेहरा दिसतो तोही त्यावरच. वय तपासणाऱ्या यंत्राच्या लेखी या मोबाईलवरचा माणूस साठी ओलांडलेला आहे, मग तो प्रत्यक्षात सातवीतल्या नातीच्या हातात का असेना.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती सक्तीची केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास या कायद्यात जी मनाई आहे, ती मला संमतीच्या कलमापेक्षा मोलाची वाटते, कारण आई कोल्हापूरकडच्या फडात असताना मोबाईलवर संमतीचे बटण दाबणार ती मुलगीच. 

घेण्याजोगे आहे ते इथले ऑनलाइन सुरक्षेसाठीचे ई-सेफ्टी आयुक्तालय, जे २०१५ पासून, म्हणजे बंदीच्या दहा वर्षे आधीपासून काम करते. मुलाला छळणारा मजकूर कंपनीने तक्रारीनंतर ४८ तासांत काढला नाही, तर मूल स्वतः किंवा त्याचे पालक आयुक्तालयाकडे जातात, आणि गंभीर प्रकरणात आयुक्त तो २४ तासांत काढण्याचा आदेश देऊ शकतात. आपल्याकडे मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आहे, सायबर तक्रारीचे संकेतस्थळ आहे, पोलीस ठाणे तर आहेच. पण तांड्यावरच्या मुलीचा फोटो कोणी विकृत करून फिरवला, तर ती यांपैकी कुठेही जाण्याआधी घरच्यांना काय वाटेल याचा विचार करते. मोबाईल जाईल, पाठोपाठ शाळा जाईल, आणि बालविवाहांसाठी आधीच चर्चेत असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात पुढे काय होईल हे तिला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून ती गप्प बसते आणि धमकावणारा तेवढ्यावरच डाव खेळतो. अशा घरात बंदी आली, तर ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हे विचारायला कायद्याचाच आधार मिळेल, आणि दिल्लीत कंपनीसाठी लिहिलेले कलम गावात मुलीवर चालेल.

राज्याने २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमायला सांगितल्या आहेत. त्या अनेक ठिकाणी कागदावरच असतील. तरी मुलीला पोलीस ठाण्यापेक्षा बाईंच्या टेबलापर्यंत जाणे सोपे असते. या समितीला तक्रार थेट वर पाठवता यावी, आणि मजकूर उतरवण्याचा आदेश देऊ शकणारा, मुलीचे नाव गावात फुटू न देणारा राज्यस्तरीय अधिकारी तिच्या पाठीशी असावा. आपल्या आमदार-खासदारांकडे ऑस्ट्रेलियाचे नाव घेऊन काही मागायचेच असेल, तर मराठवाड्याने आधी हे मागावे.