विस्मरणात जाण्याची रीतसर तयारी

काहीतरी सगळ्यात आधी करून दाखवायचं, पण पुढे हारतुरे आणि शताब्द्यांचा ताप नको, असं वाटत असेल तर मूकपटांच्या काळातल्या नटी आणि देशातल्या पहिल्या दिग्दर्शिका फातमा बेगम यांचा कित्ता गिरवा.

सुरुवात 1922 सालात करा. मुहूर्त उत्तम. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. 1917 च्या 'लंका दहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! (विरहाचा प्रसंग किती सोयीचा झाला असेल.) दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी 1913 मध्येच पडद्यावर येऊन वाट पाडली होती, पण त्या वाटेने यायला बायका अजून कचरत होत्या. तुम्ही उर्दू रंगभूमीवरून थेट 'वीर अभिमन्यू'त उतरा. रंगरंगोटी जपून करा हं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग काळा दिसतो आणि निळं आभाळ पांढरंफटक. ओठांना लाली लावून गेलात तर पडद्यावर काजळ खाल्ल्यासारख्या दिसाल.

सुलताना, झुबेदा आणि शहजादी, तिन्ही लेकींनाही याच धंद्यात आणा. लोक काय म्हणतील? ते म्हणणारच आहेत, तुम्ही कामाला लागा.

नट्यांनी सांगितलं तेवढं करावं, अशी रीत असताना 1926 मध्ये 'फातमा फिल्म्स' काढा. 'बुलबुल-ए-परिस्तान' तुम्हीच लिहा, तुम्हीच दिग्दर्शित करा, पैसेही तुम्हीच घाला. देशात आजवर एकाही बाईने दिग्दर्शन केलेलं नाही, ही क्षुल्लक बाब मनावर घेऊ नका. घरची कंपनी सांभाळून कोहिनूर आणि इम्पीरियल या दुसऱ्या कंपन्यांच्या चित्रपटांतही कामं करत राहा. स्वतःच्या दुकानावर पोट भरेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं नायट्रेटच्या फिल्मवर करा. ती ठिणगीसरशी पेटते, नाही पेटली तर डब्यात पडल्या पडल्या चिकट होऊन कुजते, आणि त्यातूनही वाचली तर तिच्यातली चांदी काढून विकता येते. तुमच्या परिस्तानातल्या पऱ्या आज एका फुटाएवढ्याही उरलेल्या नाहीत. गोदामाचं भाडं वाचलं.

तरीही कुणाच्या लक्षात राहण्याचा धोका वाटला, तर 14 मार्च 1931 ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये झुबेदाला देशातल्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची नायिका म्हणून बोलू द्या. त्या दिवसापासून तुमची ओळख 'झुबेदाची आई'. ('आलम आरा'चीही प्रत आता कुठे नाही, लेकीने आईचं वळण घेतलं.)

मग 1983 पर्यंत जगा. पुण्यात 1964 मध्ये चित्रपट संग्रहालय निघालेलं असेल. त्यांना देण्याजोगं तुमच्याकडे काही नसेलच. स्पर्धा परीक्षेत तुमच्यावर एखादा प्रश्न येईल. एक गुण. चार पर्याय.