उठलेला प्रत्येक वण केलॉइड नसतो : एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी उठून पुन्हा वाचली. माझ्या कानावरच्या केलॉइडबद्दल, म्हणजे जखमेच्या वणातून वाढत जाणाऱ्या गाठीबद्दल, मी आधी एक लेख लिहिला होता. त्यातलं ‘केलॉइड एकदा झाला की सहजी जात नाही’ हे वाक्य वाचून तुमची चौदा वर्षांची लेक दोन दिवस धड जेवली नाही, असं तुम्ही लिहिलंय. पाच महिन्यांपूर्वी कढईतलं तेल उडून तिचा हात कोपराजवळ भाजला. जखम भरायला महिना लागला आणि आता तिथे लाल, जाड वण उठलाय. डॉक्टर म्हणतात बसेल हळूहळू, आणि मी लिहिते जात नाही. ‘अनुभव एका कानाचा आणि सल्ला सगळ्यांना’, हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे.

त्या लेखात मी उठलेल्या प्रत्येक वणाला केलॉइड म्हटलं. चूक माझी आहे. लेकीला माझ्यातर्फे सांगा, की त्या मावशीने चुकीचं लिहिलं होतं आणि आज ते दुरुस्त केलंय.

वण उठण्याचे प्रकार दोन. जखम भरताना शरीर कोलॅजन, म्हणजे कातडी सांधणारं प्रथिन, तयार करतं आणि काम झालं की थांबतं. काहींच्या बाबतीत ते वेळेवर थांबत नाही. त्यातला एक वण जाड होतो, खाजतो, पण जखमेच्या हद्दीतच राहतो. त्याला हायपरट्रॉफिक वण म्हणतात. भाजल्यानंतर, विशेषतः जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले असतील तर, हाच जास्त दिसतो. जखम भरल्यावर महिना-दोन महिन्यांत तो डोकं वर काढतो, काही महिने वाढतो आणि मग वर्ष-दोन वर्षांत बराचसा मऊ आणि सपाट होतो. केलॉइड मात्र हद्द ओलांडतो. जखम होती त्याच्या बाहेरच्या चांगल्या कातडीवर तो पसरतो, कधी जखमेनंतर कित्येक महिन्यांनी उगवतो आणि आपणहून सहसा बसत नाही. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे वण भाजला होता तेवढ्याच जागेत आहे यावरून, तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

नावाच्या गोंधळाने घाबरणारी तुमची लेक पहिली नाही. आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी 1806 मध्ये या वाढीचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनी दिलेलं पहिलं नाव कॅन्सरशी जुळणारं होतं. लोकांचा समज चुकू नये म्हणून पुढे त्यांनीच ते बदललं आणि खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून केलॉइड हे नाव घेतलं. केलॉइड म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही लेकीला सांगा.

पण ताई, तुमच्या भावाबद्दल लिहिलंय तिथे मी माझं म्हणणं सोडणार नाही. छातीच्या मधोमध पुटकुळी आली, ती फुटली, आणि वर्षभरात तिथे दोन बोटं रुंद गाठ पसरली. ‘कापून टाकली की विषय संपला’, असं तो म्हणतो. ही सगळी खूण केलॉइडची आहे. छाती, खांदा, बीसीजीची लस टोचतात तो दंड, कानाची पाळी या त्याच्या नेहमीच्या जागा. केलॉइड नुसता कापला तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा परत येतो, आणि अनेकदा आधीपेक्षा मोठा, कारण कापणं हीसुद्धा नवी जखमच. मी बाविसाव्या वर्षी बुगडीसाठी कान टोचून घेतला. चिंचोक्याएवढी गाठ आली, ती एका दवाखान्यात कापून घेतली. पुढे काय होऊ शकतं हे मला कुणी सांगितलं नाही. आठ महिन्यांत ती सुपारीएवढी झाली. दुसऱ्यांदा कापलं ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि त्यासोबत दर महिन्याला इंजेक्शन आणि कानाला दाब देणारी क्लिप. आता हाताला लागेल एवढाच उंचवटा उरलाय.

त्या इंजेक्शनांची मी ‘जाहिरात’ केली, हा तुमचा राग समजते. मी फायदा लिहिला, त्रास लिहिला नाही. ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टेरॉइड गाठीतच टोचतात, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, बऱ्याच वेळा. घट्ट गाठीत सुई जाताना खूप दुखतं. आजूबाजूची कातडी पातळ होऊ शकते, पांढरट डाग पडून महिनोन्‌महिने राहू शकतो, काही बायकांची पाळी मागेपुढे होते. माझीही झाली होती. तरीही केलॉइडवर पहिला उपाय म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा हेच देतात आणि मलाही तेच लागू पडलं. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावण्याबद्दल तुम्ही विचारलंय. त्याने वण बसल्याचं दिसलेलं नाही, उलट काहींच्या कातडीला पुरळ येते. तेवढं थांबवा.

लेकीसाठी डॉक्टरांना सिलिकॉनच्या पट्टीबद्दल विचारा. जखम पूर्ण बुजलेली असेल तरच ती लावायची, दिवसातले बारा तास तरी, आणि निदान दोन-तीन महिने. मापाने शिवलेली दाबाची बाही असते, ती तर अंघोळीपुरतीच काढतात. मॉइश्चरायझर लावून रोज चोळा, उन्हात जाताना वण झाका. खाज फार असेल तर तीही सांगा, तिच्यावर औषध आहे.

आणि एक गोष्ट आजच करा. वण कोपराजवळ आहे म्हणालात ना? तिला दोन्ही हात समोर करून पूर्ण ताठ करायला सांगा. भाजलेला हात दुसऱ्याइतका सरळ होत नसेल, कातडी ओढली जात असेल, तर ‘बसेल हळूहळू’वर थांबू नका. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि फिजिओथेरपीबद्दल विचारा. काय दिसलं ते मला इथेच कळवाल का?