प्रकाशिकेचा नवरा

आमच्या प्रकाशनाचं वार्षिक पत्रक नुकतंच छापून आलं. 'आमच्या' आपलं म्हणायचं. प्रकाशन बायकोचं, बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे बिनपगारी रुजू झालो. पत्रकातलं पहिलंच वाक्य आहे, 'यंदा संस्थेने आपली वितरणव्यवस्था अधिक सक्षम केली.' ती वितरणव्यवस्था म्हणजे मी. सक्षम केली म्हणजे स्कूटरला मागे कॅरिअर बसवून घेतलं.

पुढे 'मध्यवर्ती गोदाम' असाही उल्लेख आहे. तो खरा आहे. गोदाम सदाशिव पेठेत आमच्या दिवाणात आहे. हिच्या बाजूच्या कप्प्यात बालसाहित्य असतं, ते सारखं आत-बाहेर होतं. माझ्या बाजूला समीक्षा आहे. ती गेली काही वर्षं जागची हललेली नाही.

पाच नवी पुस्तकं आली. नावं देत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं होईल. पुस्तक छापतात ते फॉर्मच्या हिशेबाने, एक फॉर्म १६ पानांचा. त्यामुळे लेखकाची प्रतिभा १६च्या पटीत आटोपली तर सगळ्यांनाच बरं पडतं. देवरायांवर लिहिणाऱ्या एका प्राध्यापकांचं पुस्तक नेमकं १६३ पानांवर थांबलं. दहा फॉर्म म्हणजे १६०.

"सर, तीन पानं कमी करावी लागतील," हिने फोनवर सांगितलं.

"मग एक देवराई काढून टाका."

"त्यापेक्षा ऋणनिर्देश आवरता घ्या ना. पाच पानं झालाय."

पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. ऋणनिर्देशात विभागप्रमुखांपासून धाकट्या मेव्हण्यापर्यंत सगळे होते आणि त्यातलं कुणालाही वगळण्याची सरांची छाती नव्हती. शेवटी ऋणनिर्देश शाबूत राहिला आणि कोकणातली एक देवराई तुटली.

पुस्तकावर जीएसटी नसतो म्हणून लोक आमचं अभिनंदन करतात. कागदावर असतो. सप्टेंबर २०२५पासून तो १२ टक्क्यांचा १८ टक्के झाला, आणि पुस्तकच करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. विक्रेत्याला चाळीस टक्के सूट, तीही माल विकला गेला तर पैसे या बोलीवर. बँकेत असताना असा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवलं असतं. आता तो माणूसच रोज सकाळी मला चहा देतो आणि वर गठ्ठे बांधायला लावतो.

पोस्टाची गोष्ट आणखी वेगळी. छापील पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली, तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं होतं. मग मे २०२५मध्ये 'ज्ञान पोस्ट' आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोला १००. तेव्हापासून हिची संपादकीय दृष्टी पार बदलली. हस्तलिखित आलं की ही आधी ते तळहातावर तोलून बघते. एका कवितासंग्रहाचा नमुना ३०८ ग्रॅम भरला, तर मुखपृष्ठाचे आत दुमडलेले दोन्ही फ्लॅप उडवले. कवीचा फोटो आणि परिचय नेमका त्या फ्लॅपवर होता. कवी अजून आमच्याशी बोलत नाहीत. कविता मात्र २० रुपयांत जातात.

शिवाय १९५४चा एक कायदा आहे. प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ३० दिवसांच्या आत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची. झालंच तर मुंबई, चेन्नई आणि दिल्लीलाही एकेक. नाही पाठवली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार प्रती, चार पाकिटं, चार ठिकाणचं टपाल, एवढं सगळं धरून दंडच स्वस्त पडत होता. हिला आकडेमोड दाखवली.

"आणि दंड भरायला कोर्टात कोण जाणार?" हिने विचारलं. "वितरणव्यवस्थाच ना?"

चेन्नईचं पार्सल मी त्याच दुपारी टाकलं.

आता प्रकाशन समारंभांविषयी. पत्रकात 'रसिकांच्या तुडुंब गर्दीत' असं छापलंय. त्या गर्दीत लेखकाचे नातेवाईक किती आणि वड्याच्या वासाने आत आलेले किती, हा तपशील जागेअभावी गाळलेला आहे. गझलसंग्रहाच्या दिवशी बांधणीवाल्याकडून पुस्तकंच आली नाहीत, फक्त मुखपृष्ठं आली. प्रमुख पाहुणे तर निघाले होते. हिने न डगमगता दिवाण उघडला, माझ्या बाजूची समीक्षा काढली (आकार दोन्हींचा एकच, डेमी) आणि पाच प्रतींना गझलांची मुखपृष्ठं चढवून सोनेरी कागदात बांधली. व्यासपीठावर सेलोटेप निघता निघेना. शेवटी पाहुण्यांनी पेनाने फाडलं, सगळ्यांनी पुस्तकं छातीशी धरून फोटो काढले, एकाने उलटं धरलं. इथवर नेहमीसारखंच. पण पाहुणे हौशी निघाले. "यातला एखादा नमुना सादर करतो," म्हणत त्यांनी मधलंच पान उघडलं आणि भरल्या आवाजात वाचलं, "मर्ढेकरोत्तर जाणिवेचा विचार करताना प्रथम एक भेद लक्षात घ्यावा लागतो."

मागच्या रांगेतून एक जण "वाह!" म्हणाला. गझलकारांना घाम फुटला. "मुक्तछंदाकडे झुकलेली गझल आहे," असं म्हणून पाहुण्यांनी वेळ मारून नेली. माणूस मुरलेला होता.

समारंभात माझी जागा विक्रीच्या टेबलामागे. तिथे लोक पुस्तक हातात घेतात, मलपृष्ठ वाचतात, किंमत बघतात, पुन्हा मलपृष्ठ वाचतात. मग मोबाइल काढतात. मी यूपीआयचा कोड पुढे सरकवतो. ते मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि "नंतर घेतो" म्हणून वड्याकडे वळतात.

अपवाद एकच, एसटीच्या निवृत्त कंडक्टरांचं आत्मकथन. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली, म्हणून समारंभ १ जूनलाच ठेवला. दीपप्रज्वलनाऐवजी त्यांनी दोनदा घंटी वाजवली. भाषणात कुणी रेंगाळलं की एकदा वाजवायचे. शेवटी मला टेबलावरून उठवून ते स्वतः बसले. "चला, घेतलं नाही त्यांनी घ्या! दोनशे पन्नास, सुट्टे द्या!" असा खणखणीत आवाज आल्यावर सभागृहात एकाचीही फोटो काढण्याची हिंमत झाली नाही. लेखकाच्या सख्ख्या मावशीनेसुद्धा पूर्ण पैसे भरले. उरलेले गठ्ठे त्यांनी झोळीत घालून आगाराआगारांत संपवले. पाचशेची आवृत्ती दिवाळीआधी खलास. आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नव्हतं.

परवा ते मानधन घ्यायला आले. नोटा बोटांच्या बेचक्यांत उभ्या घडी करून खोवल्या, दोनदा मोजल्या आणि हिला म्हणाले, "ताई, आमच्या गाडीच्या डायवरनंपण लिवलंय."

"किती पानं?" हिने विचारलं.

"नऊशे. त्याला म्या घंटी मारली न्हाई तर तो थांबत न्हाई."

ही वजनकाटा आणायला आत गेली.