लगेजचं तिकीट

आमचे आप्पा एसटीत ३४ वर्षं कंडक्टर होते. निवृत्त होऊन आता १७ वर्षं झाली, तरी रात्री दिवा मालवण्याआधी ते घरातली डोकी मोजतात. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एसटी सुटली तेव्हा आप्पांचा जन्मही झाला नव्हता. पण ते ही हकिगत सांगतात अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं पहिलं तिकीट यांनीच फाडलं. गाडीत बसले की उजव्या हातातल्या अंगठीनं काचेवर दोनदा टकटक करतात. ती डबल बेल. त्याशिवाय मला गियर टाकायची परवानगी नाही.

डिसेंबरात मुलांना नाताळची सुट्टी लागली आणि आप्पा जेवता जेवता म्हणाले, "एकदा सगळ्यांना भेटून येऊ." सगळे म्हणजे त्यांचे उरलेसुरले पाच दोस्त. एक धुळ्याला, एक नंदुरबारला, एक शहाद्याला, एक चोपड्याला आणि एक फैजपूरला. मी मोबाइलवर नकाशा उघडला. जळगावहून धुळे, नंदुरबार, शहादा. तिथून सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर. मग भुसावळवरून घरी. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. तीन दिवसांत निवांत होईल, असं मी बायकोला सांगितलं. लग्नाला सोळा वर्षं झालेली बायको काही बोलली नाही, फक्त पाचक गोळ्यांची बाटली पर्समध्ये टाकली.

गाडी पाच माणसांची, आम्ही सहा. निघताना आईनं माझ्या हातात नारळ दिला. "पद्मालयाच्या गणपतीला फोडू, मग पुढे जाऊ." एरंडोलपासून पद्मालय आत जावं लागतं. आप्पांनी घड्याळ बघितलं. "धुळ्याला साडेदहाला पोहोचायचं कबूल केलंय. गाडी लेट होईल. येताना फोडू." आई म्हणाली, "देवाला येताना?" तेवढ्यात काचेवर दोन टकटक झाल्या. नारळ सीटखाली गेला.

धुळ्याचे काका म्हणजे आप्पांचे ड्रायव्हर. एका गाडीवर दोघांनी अकरा वर्षं काढली. अकरा वर्षं एक जण पुढे बघत होता आणि एक मागे, त्यामुळे समोरासमोर बसल्यावर काय बोलावं हे दोघांनाही सुचेना. ओट्यावर पंधरा मिनिटं दोघं नुसते रस्त्याकडे बघत होते. मग काका म्हणाले, "पारोळ्याजवळचा तो खड्डा शे का आजून?" आप्पा म्हणाले, "शे." दोघांना फार बरं वाटलेलं दिसलं.

आम्ही जळगावहून नाश्ता करून निघालो होतो. मी तसं सांगून बघितलं. काका उठून उभेच राहिले. "आसं कसं? जेवाशिवाय जावानं नही!" शेवभाजी आली. वर तर्री अशी, की वाटीतली शेव शोधावी लागली. मुलांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते बघून काकूंना वाटलं मुलांना भाजी फार आवडली, आणि त्यांनी पुन्हा वाढली. आमच्याकडे 'नको' या शब्दाला ताटावर बसल्यावर अर्थ राहत नाही. 'नको' म्हणजे थोडं. 'नको नको' म्हणजे बरंच. हात आडवा धरला तर हाताच्या फटीतून वाढतात. पोट खरंच भरलं असेल तर एकच उपाय, ताट उचलून पळणं. पण मागून कोणीतरी तिथेही वाढेल अशी मला भीती वाटते.

निघताना काकूंनी बायकोची ओटी भरली. ब्लाउजपीस, तांदूळ, सुपारी आणि नारळ. नारळ सीटखाली गेला.

निरोप हा आमच्याकडे वेगळा कार्यक्रम असतो. एक निरोप घरात, पायावर डोकं ठेवून. दुसरा ओट्यावर, चपला शोधताना. तिसरा फाटकाशी. आणि खरं बोलणं सुरू होतं ते चौथ्या निरोपाला, मी गाडी सुरू केल्यावर, काचेशी. तीन तास जे दोघं खड्ड्यापलीकडे बोलले नव्हते, त्यांना काचेशी आठवलं की अमक्याचं ऑपरेशन झालं, तमक्याच्या पोराचं लग्न मोडलं, आणि १९८६ साली साक्रीच्या पुढे मोडलेल्या गाडीत ज्या बाईला पोटात कळा यायला लागल्या होत्या, तिचा तो मुलगा आता कुठेतरी तलाठी आहे. इंजिन सुरू, डिझेल जळतंय, मान खिडकीतून आत. ओट्यावर बसून हे बोलता येत नाही का, असं मी एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, "स्टँडवर पाय निघत नाही. गाडी हलली की बोलता येतं."

नंदुरबारला संध्याकाळी पोहोचलो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या. डोळा पोहोचेल तिथवर लाल जमीन, आणि तिच्यात बसून देठ खुडणाऱ्या बायका, तोंडाला फडकं बांधलेल्या. मुलीनं काच खाली करून फोटो काढला आणि आम्ही सहाही जण शिंकलो. ती पुढच्या संकटाची पहिली घंटा होती, आम्हाला कळली नाही.

इथले काका वर्कशॉपमधले मेकॅनिक, आता मुलाचा मिरचीचा व्यवसाय. रात्रीचं जेवण, मुक्काम, सकाळचा नाश्ता, आणि नाश्त्यानंतर 'निघण्याआधी घासभर' म्हणून वरण-बट्टी, हे सगळं धरून चालतो. नारळ आलाच. त्यावर काकांनी दहा किलो सुक्या मिरचीचं पोतं आणून बोनेटवर टेकवलं. "लई जा भो. बाजारात आशी भेटाव नही." डिकीत आमच्या बॅगा आणि धुळ्याच्या ज्वारीची पिशवी होती. पोतं मागच्या सीटवर, माझ्या मुलाशेजारी बसलं. आप्पांनी डोकी मोजली, पोत्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "याचं लगेज फाडावं लागलं असतं."

एसी लावून काचा बंद केल्या आणि प्रकाशाच्या पुलापर्यंत काय चुकलं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी मुलगा खोकला. मग आई. मग बायकोच्या घशात काहीतरी अडकलं. एसीचा पंखा पोत्यातला ठसका इमानेइतबारे सहाही नाकांना सारखा वाटत होता. खाली तापी आणि गोमाईचा संगम, प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात, आईनं हात जोडले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला क्षणभर वाटलं भक्ती. काचा उघडल्या तर पुढे उसाची ट्रॉली आणि तिच्यामागची धूळ. काचा बंद केल्या की मिरची, उघडल्या की धूळ. शेवटी बायकोला डॅशबोर्डच्या खणात करोनाच्या काळातली मास्कची पाकिटं सापडली. सहा जण मास्क लावून, कोणी कोणाशी न बोलता, शहाद्यात शिरलो. दारात उभ्या असलेल्या काकूंनी आम्हाला बघितलं आणि आधी विचारलं, "कोण गेलं?"

शहाद्याचं फार सांगत नाही. जेवलो. नारळ मिळाला. खापरावरची पुरणपोळी होती; तिचा घेर माझ्या स्टिअरिंगपेक्षा मोठा, आणि मी दोन खाल्ल्या. यापुढचं दोन तासांचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मुलाला सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे बघायचे होते, आणि आप्पा त्याला समजावत होते, "बघितला की घ्यावासा वाटेल. ठेवायचा कुठे? पोत्यावर?" आणि निघताना काकूंनी आईच्या मांडीवर बिबड्यांचा डबा ठेवला.

बिबडे ज्यांनी बघितले नाहीत त्यांना काय सांगू. ज्वारीचे पापड, कागदासारखे पातळ, खूप खटपटीचे, आणि नुसतं रागानं बघितलं तरी मोडतील इतके नाजूक. आईनं डबा दोन्ही हातांनी धरला आणि त्या क्षणापासून गाडी माझी राहिली नाही. "हळू." "खड्डा." "अरे, त्याच्या मागून जा ना." बैलगाडीनं आम्हाला ओव्हरटेक केलं असं मी म्हणणार नाही, पण बैलांनी वळून बघितलं. त्यातच सीटखालचे चार नारळ. ब्रेक मारला की चौघं गडगडत पुढे, चढ आला की चौघं मागे. एकदा त्यातला एक माझ्या टाचेला येऊन टेकला, ब्रेकच्या आणि माझ्या मध्ये. मी ओरडलो. आप्पा म्हणाले, "ओरडू नको, प्रवासी घाबरतात."

शिरपूरच्या अलीकडे एका हवालदारानं हात केला. मी काच खाली घेतली. सहा मास्कवाले चेहरे, एक पोतं, मांडीवर डबा. त्याला संशय येणं स्वाभाविक होतं. "काय आहे पोत्यात?" म्हणत त्यानं मान आत घातली. लागोपाठ पाच शिंका दिल्या, टोपी सरळ केली, आणि डोळे मिटूनच हातानं जा, जा असं केलं. कागद बघितले नाहीत. बायको म्हणाली, हे पोतं आपण गाडीत कायमचं ठेवू.

चोपड्याचे काका वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्या पुकारायचे, तो आवाज तालुक्याला पाठ. आता त्यांना ऐकू येत नाही. आप्पा मोठ्यानं बोलत होते, काका हसत होते आणि भलतीच उत्तरं देत होते. "तब्येत कशी?" "हो, हो, कापसाला भाव नाही." तासभर हे चाललं. रात्री तिथेच राहिलो. सकाळी नारळ वगैरे झाल्यावर काका काठी टेकत काचेपाशी आले. मला वाटलं आता चौथा निरोप, अर्ध्या तासाची निश्चिंती. त्यांनी दोन्ही हातांचा द्रोण तोंडाशी केला आणि नाकातून, ताणून, पुकारलं, "चोपडाऽ, यावलऽ, फैजपूर. फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहेऽऽ." पलीकडच्या घरातली माणसं बाहेर आली. आप्पांनी त्या दिवशी अंगठी वाजवली नाही. आईनं शेवटी बांगडीनं काच वाजवली तेव्हा मी निघालो.

डावीकडे सातपुडा, दोन्ही हातांना केळीच्या बागा, रस्ता छान. पोट मात्र छान नव्हतं. गाडीत कोणी खाण्याचा शब्द काढायचा नाही असा ठराव झाला होता. ठरावावरून आप्पांना अधिवेशन आठवलं. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. "एवढी माणसं आली," आप्पा म्हणाले, "पण एक उपाशी गेला नसेल." मुलीनं विचारलं, "पण परत कसे गेले?" मलाही तोच प्रश्न पडला होता.

फैजपूरचे काका एसटीतले नव्हते. ते मास्तर, पासवाले, रोजचे प्रवासी. वीस वर्षं आप्पांच्या गाडीनं शाळेला गेले. मळ्यात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ती काळी ठिक्कर पडून फुटत होती. साल काढली की आतून हिरवट, वाफाळता गर; तो लाकडी मुसळानं ठेचायचा, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, पातीचा कांदा. धुराचा वास आला आणि मला माझ्याच पोटाची लाज वाटली. ते म्हणालं, जागा आहे. तरी मी लोकलाजेस्तव बोलून बघितलं, "मास्तर, आम्ही आत्ताच..." मास्तरांच्या आईनं, वय नव्वदीच्या घरात, माझ्याकडे बघितलं. "मंग हे भरीत कोन खाईन?"

मी सात पुऱ्या खाल्ल्या. मोजल्या कारण आप्पा मोजत होते.

जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही मानांकनं मास्तरांनी आमच्या गाडीत घातली. केळीचा अख्खा घड माझ्या मुलीच्या पायाशी, आणि बामणोदच्या वांग्यांची गोणी मुलाच्या मांडीवर. त्याचं फक्त नाक वर दिसत होतं. आप्पांनी डोकी मोजताना त्याला दोनदा हाक मारली. मास्तरांच्या घरचा नारळ टाकायला सीटखाली जागा नव्हती, तो मी दोन सीटच्या मध्ये, हँडब्रेकला टेकवून ठेवला. नऊ फण्यांचा घड, दहा किलो मिरची, ज्वारी, वांगी, बिबडे आणि सहा माणसं. भुसावळच्या अलीकडे तापीच्या पुलावर गाडी मागून इतकी दबली होती की आमच्या दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्या ट्रकच्या आरशात पडत होता. तो बिचारा सारखा साइड देत होता.

रात्री साडेदहाला घरी पोहोचलो. शेजाऱ्यांना केळी वाटली. डबा उघडून बघितला, तेवीस बिबड्यांपैकी एकही मोडला नव्हता. आई कोणाशी न बोलता त्यांच्याकडे बघत बसली. मी सोफ्यावर आडवा झालो, मुलं झोपली, बायकोनं पाचक गोळ्यांची रिकामी बाटली कचऱ्यात टाकली.

आप्पा मात्र झोपेनात. कंडक्टरला हिशेब लागल्याशिवाय झोप येत नाही. बारा वाजले असतील. दिवाणखान्यात फरशीवर मांडी घालून त्यांनी नारळ ओळीनं मांडले होते.

"पाच घरं झाली ना?" त्यांनी मला विचारलं.

"पाच."

"नारळ सहा आहेत."

मी उठून मोजले. सहा. आप्पांनी पुन्हा एकेका घराचं नाव घेऊन नारळावर बोट ठेवलं. धुळे, नंदुरबार, शहादा, चोपडा, फैजपूर. सहाव्या नारळावर बोट तसंच राहिलं. इतक्यात आतून, अंधारातून, आईचा आवाज आला. "पद्मालयाचा."

आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी म्हणालो, "आप्पा, सकाळी."

त्यांनी अंगठीनं फरशीवर दोनदा टकटक केलं.