सोन्याचा पिंजरा

आमच्या कुत्र्याचं नाव सोन्या. त्यामुळे मागच्या अंगणात मी जे काही उभं केलंय त्याला घरात ‘सोन्याचा पिंजरा’ म्हणतात, आणि ते ऐकून येणारे-जाणारे मोठ्या आशेनं मागच्या दारी डोकावतात.

मुळात बेत साधा होता. सोन्याला दिवसातून दोन-तीन तास मोकळं पळू द्यायचं, पण आमच्याच हद्दीत. तयार कुंपण बसवून देणाऱ्याला भाव विचारला आणि आवंढा गिळून फोन ठेवला. “चार खांब आणि थोडी जाळी. त्यात काय एवढं?” हे मी ज्या सुरात म्हटलं, तो सूर बायकोच्या चांगल्या ओळखीचा आहे. याच सुरात मी एकदा नळ दुरुस्त केला होता. ती काही बोलली नाही. आत जाऊन औषधाच्या डब्यात कापूस किती शिल्लक आहे ते बघून आली.

चार खांब हा पहिला गैरसमज. कुत्र्याला चौकोनी जागेपेक्षा लांबट पट्टा बरा, पळायला वाव मिळतो, म्हणून मी ६ बाय १५ फूट आखलं. पण १५ फूट जाळी दोनच खांबांवर ताणली की तिचं पोट सुटतं. तेव्हा लांब बाजूंना मध्ये एकेक खांब आला, फाटकासाठी आणखी एक. झाले सात. आणि पाच फूट उंच कुंपण हवं तर खांब सात फुटी घेऊन दोन फूट जमिनीत गाडावा लागतो. दोन फूट हे अंतर कागदावर अगदी किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात पहिला फूट माणूस खणतो, दुसरा फूट त्याचा अहंकार खणतो.

सोन्या पहिल्या खड्ड्यापाशी बसून हे सगळं बघत होता. तोपर्यंत त्यानं जन्मात माती उकरलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. टेरियर जातीची गोष्ट वेगळी. लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन, त्यावरून त्यांचं नावच पडलंय. बिळात घुसून शिकार बाहेर काढायला माणसानं ती जोपासली. सोन्याचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नाही. त्याला ही विद्या मी शिकवली. दुसऱ्या खड्ड्याला तो मान तिरकी करून माझ्या पहारीकडे बघत राहिला. तिसऱ्याला सरळ शेजारी येऊन उभा राहिला आणि पुढच्या दोन्ही पायांनी जी माती उडवायला लागला, ती त्याच्या मागच्या पायांमधून थेट माझ्या बुटात. वेग माझ्या दुप्पट. माझी कंबर इतकी गेली होती, की मी त्याची पाठ थोपटली. “शाब्बास रे पठ्ठ्या!” एवढंच नाही, बिस्किटही दिलं. हे बिस्किट पुढे मला फार महागात पडलं.

कोपरे काटकोनात यावेत म्हणून सुतळीनं ३-४-५ फुटांचा त्रिकोण आखला होता. शाळेत ज्या प्रमेयाला शिव्या दिल्या, त्याच्यापुढे उकिडवं बसावं लागलं. त्रिकोण बिनचूक आला. मी कौतुकानं बायकोला बोलवायला गेलो, तेवढ्यात सोन्यानं एक खुंटी सुतळीसकट पळवली. पुन्हा ठोकली ती अंदाजानं. आमचं कुंपण त्या कोपऱ्यात जरा दचकल्यासारखं दिसतं.

तिसऱ्या रविवारी काँक्रीट ओतलं. त्याच गडबडीत माझी लाल मुठीची पक्कड हरवली. मी घर डोक्यावर घेतलं. “अहो, तुमच्या पकडीचं मी करू काय? केस विंचरू?” बायको म्हणाली. मुलीनं तर माझ्याच खिशांची झडती घेतली. पक्कड काही सापडली नाही. काँक्रीट पक्कं होईपर्यंत खांबांना दोन दिवस हात लावायचा नव्हता, तेवढे दिवस मी घरातल्या प्रत्येकाकडे संशयानं बघून काढले.

जाळी मी आधी स्वस्त म्हणून षटकोनी भोकांची आणली होती, कोंबड्यांसाठी वापरतात ती. कोंबडीला दात नसतात, हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला. वाढलेल्या कुत्र्याला ४२ असतात. मला ३२, त्यातले दोन बसवलेले. म्हणजे सामना पहिल्यापासूनच विषम. सोन्यानं खालच्या कडेची एक तार दाढेत धरून ओढली, आणि स्वेटरचा धागा उसवावा तशी जाळी उसवत गेली. मग मुकाट्यानं जाड वेल्डेड जाळी आणली. वहीत ‘वाचलेले पैसे’ असा मथळा लिहून मी एक पान राखून ठेवलं होतं. तिथे मुलीनं फुलपाखरू काढलंय.

फाटक जुन्या पलंगाच्या लाकडाचं. तिरका आधार बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवा. मी उलटा ठोकला. आठवड्यात फाटकानं जमिनीला नाक टेकवलं. ते उघडतही होतं बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतून धक्का बसला की सगळा ताण एकट्या कडीवर. सोन्यानं अंग टाकलं आणि कडी निघाली. आता ते आत उघडतं. तो जितकं ढकलतो तितकं चौकटीला घट्ट बसतं.

सावलीचं हिरवं कापड तेवढं पहिल्या फटक्यात नीट लागलं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांनाच, बाकी अंग गार ठेवायला तो धापा टाकतो, सावली हवीच. ते बांधून मी खाली उतरलो, हात झटकले, सोन्याला आत सोडलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर सोन्या बाहेर. जाळीखाली एक सुबक भुयार, अगदी मी दाखवलं होतं त्या पद्धतीचं. आणि पठ्ठ्या माझ्यासमोर बसून बिस्किटाची वाट बघतोय.

उपाय सोपा निघाला. कुत्रा नेहमी कुंपणाच्या पायथ्याशीच उकरतो, दीड फूट मागे सरकून सुरुवात करण्याइतका विचार तो करत नाही. म्हणून आतल्या बाजूनं दीड फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरायची, उभ्या जाळीला तारेनं बांधायची, वर माती आणि दगड. पंजाला जाळी लागली की तो नाद सोडतो.

ती बांधायला बसलो आणि पुन्हा पक्कड आठवली. सोन्या चौथ्या खांबापाशी शेवटचं उकरून घेत होता. हाकलायला गेलो, तर त्यानं काँक्रीटवरची माती पार साफ केली होती. त्या काँक्रीटमधून एक लाल मूठ वर आली होती, वीतभर.

हलवून बघितली. इंचभरसुद्धा हलली नाही. त्या अख्ख्या कुंपणात इतकं भक्कम दुसरं काही नाही. हल्ली सोन्याची साखळी तिलाच अडकवतो.